एकोणतिसाव्या सांजेची साक्ष

“दिसला का रे शमशू?” तांडेलचाचांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी तिसऱ्यांदा म्हणालो, “थांबा चाचा, ढग सरकतोय.”

ढग कुठला सरकतोय! समुद्रावर मळभ असं ठाण मांडून बसलं होतं, की सूर्य बुडाला तेसुद्धा आम्ही अंदाजानंच धरलं. रमजानची एकोणतिसावी सांज. आमच्या कोंडबंदरात तेव्हा रीत अशी, की त्या सांजेला दोघांनी निशाणाच्या टेकडीवर चढायचं, चंद्र बघायचा आणि खाली मशिदीत येऊन काझीसाहेबांपुढे कसम घेऊन साक्ष द्यायची. शहादत म्हणतात तिला. दोघांची शहादत झाली की उद्या ईद. नाही झाली की उद्या तिसावा रोजा आणि ईद परवा. मुकादमांच्या घरी रेडिओ होता, पण काझीसाहेब म्हणायचे, चंद्र डोळ्यांनी बघायचा असतो, डब्याच्या तोंडून ऐकायचा नसतो.

दोघांतले एक कायमचे ठरलेले, हे तांडेलचाचा. हयातभर गलबतं हाकलेला माणूस. त्यांना किनारा दिसला की बाकीच्यांना तो तासाभरानं दिसायचा, असं त्यांचे खलाशी सांगत. दुसरा कुणीतरी तरणाताठा लागे. त्या वर्षी तो मी होतो, आणि मला चंद्र हवाच होता.

का ते सांगतो, लपवायचं काय आता! मी तेविसाचा, लग्न होऊन दीड महिना झालेला. मुंबईच्या एका कंपनीच्या बोटीवर खलाशाची जागा मिळाली होती, चौदा महिन्यांसाठी. शनिवारी गोदीत हजर व्हायचं, म्हणजे शुक्रवारी सकाळी सातची आगबोट गाठायची. आज बुधवार. ईद गुरुवारी झाली तर जैबुनबरोबरची पहिली ईद घरात. शुक्रवारी झाली तर तिनं नव्या कपड्यांचा जोडा घालायचा आणि मी पेटी उचलून धक्क्यावर जायचं. जैबुन काही बोलली नव्हती. शेवया मात्र तिनं दोनदा उन्हात घातल्या होत्या, ते मी पाहिलं होतं.

“तो बघा चाचा,” मी म्हणालो. “त्या सुरूच्या शेंड्याच्या उजवीकडे, ढगाच्या फटीत. नखाएवढा.”

चाचांनी कपाळावर हात धरला. बराच वेळ बघत राहिले. आता हा म्हातारा माझ्या कानाखाली आवाज काढणार असं वाटलं.

“हां,” ते म्हणाले. “दिसला. मुबारक.”

मी थक्कच झालो. गावातल्या सगळ्यात तेज डोळ्यांना दिसला म्हणतात, म्हणजे क्षणभर मलाच वाटलं, असेल बाबा! पुन्हा पाहिलं. सुरूचं झाड होतं, ढग होता, बाकी काही नव्हतं. पण शब्द तोंडातून सुटला होता आणि चाचा माझ्या खांद्यावर हात टाकून उतरायला लागले होते.

मशिदीत मी कसम घेतली. चाचांनी घेतली. काझीसाहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “उद्या ईद.” बाहेर पोराबाळांनी एकच कल्ला केला.

गुरुवारी गावानं ईद केली. नमाज झाली, गळाभेटी झाल्या. जैबुननं हिरवा जोडा घातला आणि सांदणं माझ्या ताटात वाढली. तांदळाची ती गोड सांदणं माझ्या जिवाची, पण त्या दिवशी मी एकावरच हात धुतला. ती दिवसभर माझ्याकडे बघून हसत होती. मला तर तिचं ते हसू सहन होईना.

संध्याकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं. अर्धा गाव धक्क्यावर हवा खात होता. सूर्य बुडाला आणि सगळ्यांना चंद्र दिसला. केसाएवढी कोर, पाण्याला टेकलेली. बघता बघता मावळलीसुद्धा.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही चंद्र कळतो. त्याच्यावर भरती-ओहोटी, तिच्यावर मासळी, मासळीवर पोट. दुसऱ्या दिवसाचा चंद्र जाड असतो, वर असतो, रेंगाळतो. मुकादम म्हणजे जमातीचे प्रमुख. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की ही कोर दुसऱ्या दिवसाची नव्हे, आजचीच आहे. म्हणजे काल चंद्र नव्हता. म्हणजे गावानं रमजानचा रोजा मोडून ईद खाल्ली.

मग एकजण म्हणाला, “चाचा आता थकले.” दुसरा म्हणाला, थकले तर टेकडीवर जायची हौस कशाला? चाचा तिथंच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. सगळं ऐकत होते. माझं नाव कुणी घेतलं नाही. मी पोरगा, चाचांनी दाखवलं ते मी पाहिलं असणार, असा सगळ्यांनी सरळ हिशेब केला होता.

गप्प राहिलो असतो तर सुटलो होतो. सकाळी बोट, परवा मुंबई, मग चौदा महिने पाणी. पण वेटोळ्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याची मान मी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती, ती त्या संध्याकाळी पाहिली. तसाच उठलो आणि काझीसाहेबांच्या घरी गेलो.

ते ओटीवर बसून गुडघ्यांना खोबरेल चोळत होते. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चंद्र दिसला नव्हता, चाचांना मी फसवलं, आगबोटीपायी आणि बायकोपायी खोटी कसम घेतली. ते चोळायचे थांबले नाहीत.

“कसमेचं प्रायश्चित्त किताबात आहे, ते तुझं तू करशील,” ते म्हणाले. “खोट्या शहादतीचं वेगळं आहे. काही गुन्ह्यांची शिक्षा ठरलेली असते, तिथं काझीला तसूभर सरकता येत नाही. हिची ठरलेली नाही. ती काझीच्या विवेकावर सोडलेली आहे. ताजीर म्हणतात तिला.”

“मग तुम्ही द्याल ती.”

“इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! माणूस बघून शोधावी लागते, बाबा. कुणाला छडी लागते, कुणाला शब्द पुरतो. कुणाला तर ‘मी असं ऐकलं, खरं का?’ एवढं विचारलं तरी ती पुरी होते. उद्देश माणूस सुधारण्याचा. मोडला, तर तो गुन्हा काझीच्या नावावर.”

मग त्यांनी बाटलीचं बूच लावलं आणि सांगितलं, की उद्या खरी ईद आहे, नमाज पुन्हा होईल, सकाळी सातला. तिथं सगळ्यांसमोर बोलायचं.

“सातला आगबोट आहे, काझीसाहेब.”

“ठाऊक आहे. मी सरकार नव्हे, माझ्याकडे बेडी नाही. तू गेलास तर तुझं नावसुद्धा घेणार नाही मी. साक्ष चुकली, एवढंच सांगेन.”

साक्ष चुकली असं सांगितलं की गाव कुणाकडे बघेल, हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. त्यांनी मात्र ते बोलून दाखवलं नाही.

घरी आलो तर जैबुन पेटी भरत होती. तिला सांगितलं. तुझ्यासाठीच केलं असंही म्हणालो, मूर्ख मी! ती पेटीवरचे हात न काढता म्हणाली, “एकसष्ट घरांचा रोजा माझ्या नावावर मोडलात तुम्ही.” थोड्या वेळानं तिनं पेटीतली माझी पांढरी लुंगी आणि सदरा बाहेर काढला, घडी झटकली आणि सकाळच्या नमाजेसाठी खुंटीला लावला. मी जाऊ की राहू, हे मला विचारायची तिला गरज वाटली नाही.

सकाळी मशीद ओसंडून वाहत होती. काझीसाहेबांनी मला पुढे उभं केलं. मी तोंड उघडलं आणि खाडीच्या तोंडाशी आगबोटीचा भोंगा झाला. लांबलचक. तो थांबेपर्यंत मला थांबावं लागलं, आणि त्या वेळात सगळ्या रांगांना कळलं, की मी त्या बोटीत असायला हवा होतो. मग मी सांगितलं. चाचांना मी फसवलं, हे दोनदा सांगितलं.

जे उसळले लोक! कुणी म्हणे याला चपलांचा हार घाला. मुकादम म्हणाले, वाळीत टाका, याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. काझीसाहेबांनी सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, शिक्षा किती द्यायची हे रागाला विचारायचं नसतं, रागाला मोजता येत नाही. वाळीत टाकलं तर त्याची बायको आणि आईही वाळीत पडतील. त्या टेकडीवर चढल्या नव्हत्या.

शिक्षा अशी दिली. आजच्या आज गावातल्या एकसष्टही घरांच्या दारात जायचं. घरातल्या वडीलधाऱ्याला सांगायचं, की चंद्र दिसला नव्हता, मी खोटं बोललो, माझ्यामुळे तुम्हाला एक रोजा फिरून धरावा लागणार. आणि पुढचं वर्षभर दर महिन्याच्या एकोणतिसाव्या सांजेला टेकडीवर चढायचं, आणि जे दिसेल ते मशिदीत येऊन सांगायचं. कुणी विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही.

मी मान डोलावली. एवढंच? मनात आलं, सुटलो. मग बघतो तर काझीसाहेब काठी घेऊन पायऱ्या उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, “चल.”

“तुम्ही कशाला?” मुकादमांनी विचारलं. काझीसाहेब चालायलाही लागले होते.

एकसष्ट घरं म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं. पहिल्या दारात मी माझं वाक्य भडाभडा ओकून टाकलं. माझं झाल्यावर काझीसाहेब पुढे झाले आणि म्हणाले, “याची शहादत मी घेतली. माझी चूक याच्याहून मोठी आहे. माफी असावी.” घरातला माणूस गडबडून गेला. काझीनं दारात उभं राहून माफी मागायची, हे कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मोठा माणूस, रीत म्हणून बोलतोय, माझं ओझं हलकं करतोय.

पण ते प्रत्येक दारात तेच म्हणाले. त्याच शब्दांत. दहाव्या घरापर्यंत त्यांचे पाय थरथरायला लागले. मुकादमांनी माझ्याकडे पाठ फिरवली, काझीसाहेबांसाठी मात्र खुर्ची आणली. ते बसले नाहीत. दादामियाँ म्हणून एक क्षयाचे आजारी होते, अंथरुणातून उठून दारापर्यंत आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “या वर्षी पुरे तीस होणार होते रे माझे. पुढच्या वर्षाचा काय भरवसा?” आवाजात राग नव्हता. छड्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. बीबीखालांच्या दारात तर मी वाक्य पुरं करू शकलो नाही. त्यांनी ऐकलं, आत गेल्या, आणि एक सांदण आणून माझ्या हातावर ठेवलं. “ईद आज आहे ना? मग तोंड गोड करून जा.” मी त्यांच्या पायरीवर बसून रडलो. काझीसाहेब उन्हात उभे राहिले, माझं आटपेपर्यंत.

दुपारची जुम्याची नमाज झाली, पुन्हा निघालो. साठ घरं झाली तेव्हा उन्हं कलली होती. एकसष्टावं घर तांडेलचाचांचं, बंदराच्या टोकाला. ते काझीसाहेबांनीच शेवटी ठेवलं होतं.

चाचा ओट्यावर एकटेच बसले होते. मी वाक्य म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली, माझ्याकडे न बघता. आता काझीसाहेब आपलं वाक्य म्हणणार, म्हणून मी बाजूला झालो. ते त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकले. दिवसभरात कुणाच्या दारात पहिल्यांदाच बसले होते.

“तांडेल,” ते हळूच म्हणाले, “मी असं ऐकलं, की तुम्हाला दिसत नाही. खरं का?”

आदल्या संध्याकाळी ओटीवर ऐकलेलं ते वाक्य. कुणाला एवढं विचारलं तरी पुरतं.

चाचांचा हात गुडघ्यावर होता, तो मिटला. खाडीवर एक होडी या काठावरून त्या काठाला गेली.

“सात वर्षं झाली,” चाचा म्हणाले. “समोरचा माडसुद्धा ओळखू येत नाही. पोरं वर दिसला म्हणायची, मी दिसला म्हणायचो. नाही म्हणायची, मी नाही म्हणायचो. टेकडीवरून उतरवाल मला, ही भीती होती.”

म्हणजे सात रमजान! सात वर्षं गावाचे रोजे आणि ईदा एकाच माणसाच्या डोळ्यांवर चालल्या होत्या, आणि तो माणूसही दरवर्षी नवा पोरगा. मला वाटलं, आता काझीसाहेब काहीतरी भयंकर बोलणार.

“मला सहा वर्षं ठाऊक आहे,” काझीसाहेब म्हणाले.

चाचांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं.

“तुम्ही मशिदीत भिंतीला हात लावून येता ते पाहिलं होतं. दर साली म्हणायचो, या वर्षी सांगू. तुमचं मन मोडवेना. तुमच्या मनापायी मी गावाचे सहा रमजान पणाला लावले, तांडेल. परवा तुम्ही दोघं पुढे उभे होता, तेव्हाही मला ठाऊक होतं. ढग मलाही दिसत होते. तरी ईद म्हणालो.”

‘माझी चूक याच्याहून मोठी आहे.’ साठ दारांत मी ते ऐकलं होतं आणि साठ वेळा रीतभात समजलो होतो. तो म्हातारा दिवसभर माझ्या शिक्षेला सोबत म्हणून आला नव्हता. स्वतःची भोगत होता. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजले होते.

“माझी शिक्षा काय?” चाचांनी विचारलं.

“झाली,” काझीसाहेब म्हणाले.

“आणि तुमची?”

“यापुढे खाली बसून चंद्र ऐकणार नाही. टेकडी चढेन. तुम्हीही चला. विचारलं तर दिसतं तेवढंच सांगा.”

चाचा रडत होते, पण त्यांची मान वर होती. मी दोघांच्याही पायांना हात लावला. त्यांनी मला सांगितलं नाही, तरी मी तेव्हाच ठरवलं, की हे दोघं असेपर्यंत यातलं अक्षर फुटणार नाही. आज दोघंही नाहीत.

ईदनंतर काझीसाहेबांनी गावाबरोबर एक रोजा धरला आणि वर आणखी सहा. ईदनंतरचे सहा रोजे बरीच माणसं धरतात, पुण्याचे म्हणून. गावाला वाटलं तेच हे. मला ठाऊक होतं ते कशाचे होते.

माझी बोटीवरची जागा गेली ती गेलीच. वर्षभर मी खाडीत माणसं पार करायची होडी, म्हणजे तर, हाकली आणि दर महिन्याला टेकडी चढलो. पहिले दोन-तीन महिने मी मशिदीत येऊन सांगायचो तेव्हा लोक पाठ करून बसत. मग कुणीतरी दुसऱ्या दिवशीच्या चंद्रावरून ताडून बघायला लागलं. माझं बोलणं एकदाही चुकलं नाही. दादामियाँ पावसाळ्यात गेले. त्यांचा राहिलेला रोजा त्यांच्या मुलानं धरला, आणि त्या संध्याकाळी मला इफ्तारीला बोलावलं.

मग पुन्हा रमजान आला, पुन्हा एकोणतिसावी सांज. माझी बारावी चढण, शेवटची. कंपनीचं पुन्हा पत्र आलं होतं आणि आगबोट दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. जैबुनला सातवा महिना होता. उद्या ईद ठरली, तर नमाज लवकर उरकून तिच्या हातची शेवई खाऊन निघता आलं असतं. नशीबही कसं थट्टेखोर असतं बघा!

आम्ही तिघं चढलो. काझीसाहेब काठीवर, चाचा माझ्या खांद्यावर. तीन ठिकाणी बसत वर पोचलो. समोर मळभ, गेल्या वर्षीसारखंच. सुरूच्या शेंड्याच्या उजवीकडे ढगाला एक फट होती. मी तिच्याकडे डोळे दुखेपर्यंत पाहिलं.

“दिसला का रे शमशू?” काझीसाहेबांनी विचारलं.

“नाही दिसला.”

“नक्की?”

“नक्की.”

ते चाचांकडे वळले. “तांडेल, तुम्हाला?”

“मलाही नाही,” चाचा म्हणाले, आणि हसायला लागले. असे हसले, की आम्हालाही आवरेना. तीन माणसं अंधारत्या टेकडीवर पोट धरून हसत होती, आणि खाली सगळा गाव मशिदीच्या दारात आमची वाट बघत होता.

उतरल्यावर काझीसाहेबांनी मला पुढे केलं. मी सांगितलं. मुकादमांनी विचारलंसुद्धा नाही, खात्री आहे का म्हणून. सहरीचं, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचं, सामान आणायला माणसं पांगली. माझ्या शब्दावर एकसष्ट घरं दुसऱ्या दिवशी रोज्याला बसली.

सकाळी मी आगबोटीत चढलो, रोजा ठेवून. जैबुननं शेवईचा डबा दिला होता, फडक्यात गच्च बांधून. दिवसभर तो मांडीवर ठेवून बसलो. मुंबई जवळ आली तेव्हा सूर्य बुडाला, आणि पाण्यापासून हातभर वर कोर उगवल्यासारखी उमटली. मी डेकवर उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “दिसला.” आजूबाजूला कुणीच ओळखीचं नव्हतं, कुणी साक्ष मागितली नव्हती. मग मी बसलो आणि डब्याची गाठ सोडली.